इभ्रतीची किंमत कुठल्या नाण्यात चुकवली?

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सनी ३५ वर्षांच्या, टाचेमागची अकिलीस शीर फाटलेल्या कोबी ब्रायंटला दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलर दिले. त्याच वर्षी ब्रुकलिन नेट्सनी पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूंपायी संघाचं भविष्य विकलं. बाहेर इतका पैसा कमावलेली ही हुशार माणसं बास्केटबॉलचा संघ हातात आला की इभ्रतीपायी धंद्याचं गणित का विसरतात? आणि जोडीला एक उपप्रश्न: तुमच्या हातात लेकर्स असते तर कोबीला तुम्ही ते पैसे दिले असते का?

उपप्रश्नाकडे शेवटी येतो. मी वीसेक वर्षं न्यू जर्सीत कंपन्यांचं मूल्यांकन करतो, त्यातली बरीचशी खेळांच्या संघांची. त्या अनुभवावरून सांगतो, इभ्रत एकीकडे आणि धंदा दुसरीकडे अशी मांडणी केली की निम्मी प्रकरणं चुकीची वाचली जातात. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, इभ्रत हा धंद्याचाच भाग आहे. ती जपायला किंमत पडते, हे खरं. ती किंमत कुठल्या नाण्यात चुकवली, एवढं मी बघतो.

आमच्या आजोबांनी थोरल्या आत्याच्या लग्नात गाव जेवू घातलं. घरातली रोकड संपली, दोन दिवाळ्या नव्या कपड्यांशिवाय गेल्या, पण त्यांना कुणी वेड्यात काढलं नाही. चुलत आजोबांनी पुढच्या वर्षी ईर्ष्येने तसंच लग्न केलं, फक्त विहिरीखालचा मळा गहाण टाकून. तो मळा आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. दोघांची हौस सारखीच होती. एकाने रोकड घातली आणि दुसऱ्याने जमीन.

एनबीएत रोकड म्हणजे डॉलर. जमीन म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीचे हक्क, ज्यांना सगळे पिक म्हणतात, आणि सॅलरी कॅपमधली मोकळी जागा. कॅप म्हणजे पगारांच्या बेरजेवरची मर्यादा. आपल्याच खेळाडूंना ठेवण्यासाठी ती ओलांडता येते, पण एका पातळीनंतर लक्झरी टॅक्स भरावा लागतो. पिक म्हणजे कॉलेजातून किंवा परदेशातून येणाऱ्या नव्या खेळाडूंमधून आपली पाळी आली की निवडण्याचा हक्क. हरणाऱ्या संघांची पाळी आधी येते. पहिल्या फेरीतला चांगला पोरगा चार वर्षं त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तात खेळतो, म्हणून हा हक्क सोन्यासारखा.

आता मालकाच्या जागी बसा. ही ३० संघांची बंद लीग आहे. इंग्लंडमधल्या फुटबॉलसारखं इथे तळाला गेलात म्हणून खालच्या वर्गात ढकलत नाहीत. देशभरच्या प्रक्षेपणाचा टीव्हीचा पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो, आणि २०२५-२६ पासूनचा नवा करार ११ वर्षांचा, जवळपास ७,६०० कोटी डॉलरचा आहे. तुम्ही १५ सामने जिंकलेत काय आणि ६० जिंकलेत काय, तो वाटा घरी येतोच. शिवाय संघाची किंमत चढत राहते. जेरी बस यांनी १९७९ मध्ये लेकर्स, आईस हॉकीचा संघ आणि स्टेडियम असं सगळं मिळून ६ कोटी ७५ लाखांना घेतलं होतं. २०२५ मध्ये त्यांच्या मुलांनी लेकर्सचा ताबा विकायला काढला तो १,००० कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर. अशा मालमत्तेत एखाद्या वर्षी पाच-दहा कोटी टॅक्स भरला तर मालकाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. वर्तमानपत्रं त्या आकड्यावर मथळे करतात. आम्ही ती ओळ बघून पुढे जातो.

नेट्सचं प्रकरण या दृष्टीने वाचा. रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये २० कोटींच्या आसपास रोख आणि वर कर्जाचा भार घेऊन संघाचा मोठा हिस्सा विकत घेतला. पाच वर्षांत अजिंक्यपद, नाहीतर शिक्षा म्हणून लग्न करीन, असं थट्टेत जाहीर केलं. मॅनहॅटनमध्ये शहरातल्या जुन्या संघाच्या, निक्सच्या दारात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनजवळ, स्वतःचा आणि रॅपर जे-झीचा इमारतभर फलक लावला. २०१२ मध्ये संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनच्या नव्या बार्कलेज सेंटरमध्ये गेला. इथवरची ऐट मला तरी धंद्याच्या दृष्टीने बरोबर वाटते. नव्या शहरात नवं दुकान थाटताना रोषणाई करावीच लागते.

मग जून २०१३ ची ड्राफ्टची रात्र आली. बोस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट (वय ३७), पॉल पिअर्स आणि जेसन टेरी (दोघेही ३५) आणायचं ठरलं. बदल्यात काही खेळाडू, शिवाय २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक, आणि २०१७ ला पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क बोस्टनला. त्या मोसमात नेट्सनी ९ कोटींहून जास्त टॅक्स भरला, तेव्हाचा विक्रम. ४४ सामने जिंकले, मग प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, टोरोंटोला सात सामन्यांत कसंबसं हरवलं आणि मायामीकडून १-४ मार खाल्ला. प्लेऑफचे एकूण १२ सामने, त्यांतले पाच विजय. पुढच्या उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला गेला, २०१५ च्या फेब्रुवारीत गार्नेटही गेला.

९ कोटी विसरून जा, ती रोकड होती. मळा कुठे गेला ते बघा. २०१६ च्या पिकवर बोस्टनने जेलन ब्राऊन घेतला. २०१७ ला नेट्स ६२ सामने हरून लीगमध्ये तळाला होते, आणि अदलाबदलीमुळे पहिला क्रमांक बोस्टनकडे गेला. त्यांनी तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक पिक घेतला, आणि तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम उचलला. २०२४ मध्ये ब्राऊन आणि टेटम यांच्या जोरावर बोस्टनने अजिंक्यपद मिळवलं.

२०१७ च्या हिवाळ्यात एकदा मी ब्रुकलिनला सामना बघायला गेलो होतो. तिकीट पार्किंगपेक्षा स्वस्त. शेजारच्या खुर्चीवर हिरवा बोस्टनचा शर्ट घातलेला एक माणूस, आणि बोस्टन त्या रात्री खेळतही नव्हतं. नेट्सचा चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला की हा टाळ्या वाजवायचा. मध्यंतरात विचारलं तर हसून म्हणाला, ‘आलोय शेत बघायला. पीक कसं येतंय ते.’ म्हणाला अर्थात इंग्रजीत आणि जरा वेगळ्या शब्दांत, पण मला आमचा मळाच आठवला.

प्रोखोरोव्ह बुडाले का? मुळीच नाही. २०१८-१९ मध्ये त्यांनी संघ दोन टप्प्यांत जोसेफ त्साई यांना विकला, तो २३५ कोटींच्या मूल्यांकनावर. मालक नफ्यात गेला. सौदा करणारा जनरल मॅनेजर, म्हणजे मालकाच्या वतीने संघ बांधणारा माणूस, २०१८ चा पिक द्यायची वेळ येईपर्यंत त्या खुर्चीत नव्हता. हे नेहमीचंच आहे. मॅनेजरची नोकरी तीन-चार वर्षांची आणि तो विकतो सात वर्षांनंतरची जमीन, म्हणजे स्वतःची नव्हे, पुढच्याची. किंमत चुकवली ती चार वर्षं त्या स्वस्त खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी. मूल्यांकनाच्या तक्त्यात या लोकांचा रकाना नसतो, हे आमच्या धंद्याचं वैगुण्य आहे.

या मापाने कोबीकडे बघितलं तर माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही. करार २०१४-१५ साठी २ कोटी ३५ लाख आणि पुढच्या मोसमासाठी अडीच कोटी. लीगमध्ये सर्वांत जास्त. त्या वर्षी कॅप साधारण ६ कोटी ३० लाख होती, म्हणजे एका माणसात ३७ टक्के गेले. दुसरा मोठा खेळाडू आणायला जागा राहिली नाही. लेकर्स २७, मग २१, मग १७ सामने जिंकले, घसरगुंडीच. पण या करारात एकही पिक गेला नाही, आणि बांधिलकी दोनच वर्षांची होती. उलट, हरण्यामुळे ड्राफ्टमध्ये २०१५ आणि २०१६ ला दुसरा क्रमांक मिळाला. २०१६ चा ब्रँडन इंग्रम पुढे अँथनी डेव्हिसच्या सौद्यात कामी आला आणि डेव्हिसला घेऊन २०२० चं अजिंक्यपद. असं काही त्यांनी ठरवून केलं नव्हतं, हे मान्य. पण जमीन शाबूत असली की नशिबालाही उगवायला जागा राहते.

आणि पैशाची दुसरी बाजू बघा. संघाच्या सामन्यांसाठी २० वर्षांचा, अब्जावधींचा स्थानिक टीव्ही करार नुकताच २०१२ मध्ये सुरू झाला होता. १७ विजयांचा संघ टीव्हीवर कोण बघतं? कोबीचा शेवटचा मोसम लोकांनी बघितला. १३ एप्रिल २०१६ ला युटाविरुद्ध त्याने ५० वेळा चेंडू टाकून ६० गुण केले, तो सामना लेकर्सच्या एरवीच्या कुठल्याही पराभूत मोसमात कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

इथे एक माझीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका छोट्या लीगमधल्या, वेगळ्याच खेळाच्या संघाचे मालक सल्ल्याला आले. ३६ वर्षांचा गावचा लाडका खेळाडू, तीन वर्षांचा करार मागत होता. मी दोन रकाने मांडले: ठेवला तर काय, सोडला तर काय. सोडलेला बरा, असं गणित सरळ सांगत होतं. मालकांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, ‘तो दुसऱ्याचा शर्ट घालून आमच्याच मैदानावर उतरेल त्या दिवसाचा रकाना कुठे आहे?’ मी तो इभ्रतीचा प्रश्न समजून बाजूला ठेवणार होतो. रात्री घरी आल्यावर वाटलं, बघू तर. मोसमी तिकिटांच्या नूतनीकरणाची जुनी यादी काढली. ज्यांनी दहा-दहा वर्षं पैसे भरले होते त्यांतले बरेच जण नेमके या पोराच्या पहिल्या वर्षापासूनचे होते. रकाना वाढवला, आणि फरक बराच कमी झाला. शेवटी त्यांनी त्याला ठेवलं, तीनऐवजी एक वर्ष. तेव्हापासून समोरचा माणूस इभ्रतीचं काही बोलला की मी आधी विचारतो, याच्यामागे एखादी न मोजलेली संख्या तर नाही?

लेकर्सचा खरा अहंकार मला कोबीच्या आधी आणि नंतर दिसतो. २०१२ मध्ये ३८ वर्षांच्या स्टीव्ह नॅशसाठी फिनिक्सला पहिल्या फेरीचे पिक दिले. तो लेकर्सकडून जेमतेम ६५ सामने खेळला. आणि २०१६ मध्ये, कोबी निवृत्त होताच, आम्ही लेकर्स आहोत, मोकळी जागा घेऊन बसणं आम्हाला शोभत नाही, अशा थाटात टिमोफे मॉझगोव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख आणि लुओल डेंगला ७ कोटी २० लाख. मॉझगोव्हचा करार दुसऱ्याच्या गळ्यात मारायला वर्षभरातच डिअँजेलो रसेल सोबत द्यावा लागला. रसेल म्हणजे २०१५ चा तो दुसरा क्रमांक. विहिरीखालची जमीन गेली ती इथे, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही, कारण मॉझगोव्हवर कुणाचं प्रेम किंवा राग नाही.

क्लीव्हलंडच्या डॅन गिल्बर्टची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. ८ जुलै २०१० ला लेब्रॉन जेम्सने टीव्हीवरून मायामीला जात असल्याचं सांगितलं आणि त्याच रात्री गिल्बर्टनी कॉमिक सॅन्स टायपात ते कुप्रसिद्ध पत्र सोडलं: ‘राजा’च्या (म्हणजे लेब्रॉनच्या, हे त्याचं टोपणनाव) आधी आम्ही अजिंक्यपद जिंकू, ही माझी हमी. त्यांच्या भिंतीवरच्या चित्रांच्या कंपनीने लेब्रॉनच्या पोस्टरची किंमत १७ डॉलर ४१ सेंट केली, कारण अमेरिकेत फितुरीचं दुसरं नाव असलेला बेनेडिक्ट अर्नोल्ड १७४१ मध्ये जन्मला. लीगने लाखभर डॉलर दंड ठोकला. पण त्याच आठवड्यात, एवढी आगपाखड चालू असताना, क्लीव्हलंडने मायामीशी साइन-अँड-ट्रेडचा, म्हणजे आधी स्वतः करार करून मग खेळाडू सोपवायचा, कागद केला आणि जाणाऱ्या माणसाच्या बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक आणि आणखी काही पदरात पाडून घेतलं. तोंडाने शिव्या घातल्या, पण सही करताना हात हिशेबावर होता. चार वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, ते पत्र संघाच्या संकेतस्थळावरून काढलं, गिल्बर्ट विमानाने फ्लोरिडाला गेले आणि लेब्रॉनसमोर बसून माफी मागितली. लेब्रॉन परत आला, आणि २०१६ मध्ये १-३ अशा पिछाडीवरून अजिंक्यपद. शहराला ५२ वर्षांनी मिळालेलं. शब्दांतली इभ्रत परत गिळता येते. मला वाटतं, ती सर्वांत स्वस्त.

उलटही होतं. हिशेबाचा फार सोस असलेली माणसंही मळा घालवतात. ओक्लाहोमा सिटी २०१२ ची अंतिम फेरी खेळून आली होती. २३ वर्षांच्या जेम्स हार्डनची मागणी आणि संघाची तयारी यांत चार वर्षांत मिळून सुमारे ५० लाख डॉलरचा फरक राहिला. पुढच्या टॅक्सची भीती होती, छोटं शहर होतं. त्यांनी मोसम सुरू होण्याच्या तोंडावर त्याला ह्यूस्टनला पाठवलं. त्या संघातले ड्युरंट, वेस्टब्रूक आणि हार्डन तिघेही नंतर एमव्हीपी, म्हणजे मोसमातले सर्वोत्तम खेळाडू झाले. रोकड वाचवली, जमीन दिली. तो सौदा करणारे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी, त्यांनीच २०१९ मध्ये पॉल जॉर्ज विकताना शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग घेतला आणि २०२५ मध्ये अजिंक्यपद आणलं, तेव्हा ते शिकले म्हणायचे.

डॅलसचं प्रकरण मात्र मला अजून नीट झोपू देत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला तिथले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी २५ वर्षांचा लुका डॉनचिच लेकर्सला दिला. बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एकच पहिल्या फेरीचा पिक. वरवर सगळी भाषा धंद्याची: त्याला लवकरच साडेचौतीस कोटींचा करार द्यावा लागला असता, तो तंदुरुस्ती राखत नाही, बचावाने अजिंक्यपदं मिळतात. पण बैल विकायला काढणारा शेतकरीही बाजारात चार गिऱ्हाइकं फिरवतो. इथे बोलणी झाली ती एकाच संघाशी, गुपचूप. मूल्यांकनाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं की बोली न लावता विकलेल्या वस्तूला किंमत सापडतच नाही. ज्याला आपलं पारखणं बरोबर असल्याची एवढी खात्री असते की दुसऱ्याचा आकडा ऐकायचीही गरज वाटत नाही, त्याला मी हिशेबी म्हणणार नाही. ती मिजासच, फक्त हातात वही घेतलेली. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांची नोकरी गेली. मधल्या काळात, वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला ड्राफ्टचा पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला, पण लॉटरी लागली म्हणून आधीचा सौदा शहाणा ठरत नाही.

लीगला हे सगळं कळतं. १९८० च्या सुमाराला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपिन यांनी पहिल्या फेरीचे इतके पिक उधळले की पुढच्या मालकांना लीगने जादा पिक विकत घेऊ दिले, आणि नियमच केला: सलग दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक हातातून जाऊ द्यायचे नाहीत. नियमाला आजही स्टेपिनचंच नाव आहे. खेळाडूंच्या संघटनेशी केलेल्या २०२३ च्या करारात तर आणखी पुढे गेले. पगार दुसऱ्या ‘एप्रन’च्या, म्हणजे टॅक्सच्याही वर आखलेल्या आणखी एका रेषेच्या, वर गेला की टॅक्स भरून सुटका नाही, दोन खेळाडूंचे पगार जोडून सौदा करता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पिक गोठतो. म्हणजे पूर्वी जी ऐट नुसत्या रोकडीत करता यायची, तिच्यासाठी आता आपोआप मळ्याचा सातबारा अडकतो.

फिनिक्सच्या मॅट इश्बिया यांना हे सर्वांत आधी भोवलं. ४०० कोटींच्या मूल्यांकनावर संघ घेतला, ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच केव्हिन ड्युरंटसाठी पहिल्या फेरीचे चार पिक दिले, मग ब्रॅडली बील आणला, तोही नो-ट्रेड अट असलेल्या करारासकट, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय त्याला हलवता येत नाही. २०२४ ला पहिल्याच फेरीत ०-४, पुढच्या वर्षी ३६ विजय आणि प्लेऑफ नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला, बीलला पैसे देऊन घरी पाठवलं.

आता तुमचा उपप्रश्न. कोबीला मी पैसे दिले असते का? दिले असते, बहुतेक तेवढेच. पण सही २५ नोव्हेंबरला झाली, दुखापतीनंतर तो एकही सामना खेळायच्या आधी. त्याचा चालू करार संपायला पुढचा उन्हाळा होता. घाई कुणालाच नव्हती. तो ८ डिसेंबरला मैदानावर उतरला आणि सहाव्या सामन्यात, १७ डिसेंबरला, गुडघ्याचं हाड मोडलं. मी त्याला म्हटलं असतं, कागद तयार आहे, नाताळात सही करू.